‘ब्लॅकमेल’ आणि चौथ : इंग्रजी भयवाचक शब्दांचा ऐतिहासिक विचार

मराठ्यांच्या इतिहासाचीं इंग्रजी साधनें जसजशीं अभ्यासकांच्या हातीं येत गेलीं, तसतसा त्यांच्या भाषांतराचा प्रश्नहि बिकट होत गेला. १९३१ सालीं पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानें शिवछत्रपतींसंबंधींचे इंग्रजी कागद एकत्र छापले. तेव्हांपासून सुरत, राजापूर व मुंबई येथील वखारवाल्यांचा पत्रव्यवहार सर्वांस सुलभ झाला. या कागदांत व पुढील काळच्या इंग्रजी ग्रंथांत ‘डेंजर’, ‘पेरिल’, ‘थ्रेट’, ‘मेनेस’, ‘हॅझर्ड’ हे शब्द पदोपदीं येतात. आणि आमचे भाषांतरकार बहुधा ‘धोका’ व ‘धमकी’ या दोनच शब्दांवर सर्वांची बोळवण करितात. यानें अर्थाची छटा जाते, एवढीच हानि असती तर ती सोसतां आली असती. परंतु याच कुळांतील आणखी एका शब्दानें आमच्या इतिहासाचें एक संबंध प्रकरण झांकून टाकलें आहे. तो शब्द ‘ब्लॅकमेल’. चौथाईचें इंग्रजींतील वर्णन या शब्दानें झालें. आणि आम्ही तो शब्द तपासून न पाहतां एकतर त्यावर संतापलों, नाहीं तर तो मुकाट्यानें गिळला. प्रस्तुत लेखांत प्रथम या शब्दांची व्युत्पत्ति व उपयोग सांगून मग चौथाईस तो शब्द कितपत लागू पडतो, याचा विचार करावयाचा आहे.

‘डेंजर’ हा शब्द आरंभीं घेऊं. याचा जन्म भयांत नसून स्वामित्वांत आहे. लॅटिनमध्यें ‘डोमुस’ म्हणजे घर व ‘डॉमिनुस’ म्हणजे घरधनी. वैदिक भाषेंतील ‘दम’ म्हणजे घर, व ‘दंपति’ म्हणजे मूळचा घरधनी, हे शब्द त्याच कुळांतले होत. ‘डॉमिनुस’पासून लोकांच्या बोलींतील लॅटिनमध्यें ‘धन्याची सत्ता’ या अर्थाचें एक रूप झालें. तेंच जुन्या फ्रेंच भाषेंतून इंग्रजींत आलें. म्हणून अमुक मनुष्य अमक्याच्या ‘डेंजर’मध्यें आहे, या जुन्या इंग्रजी वाक्याचा अर्थ तो त्याच्या कह्यांत आहे, त्यास दंड करण्याची वा इजा करण्याची सत्ता त्या धन्यास आहे, असा होई. चौसरच्या काव्यांतील धर्मन्यायालयाचा प्यादा आपल्या प्रांतांतील तरुणांस अशा ‘डेंजर’मध्यें ठेवितो. शेक्सपीयरच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याच्या नाटकांत न्यायसभेमध्यें पोर्शिया अँटोनियोस विचारते तो प्रश्नहि याच अर्थाचा आहे. तो संकटांत आहे काय, असें तिला विचारावयाचें नसून, तो शायलॉकच्या कह्यांत सांपडला आहे काय, असें विचारावयाचें आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून धन्याच्या सत्तेपासून होणारी इजा, व मग कोठूनहि संभवणारी इजा, असा अर्थ वाढत गेला आणि मूळचा धनी विस्मृतींत गेला.

या मूळ अर्थाचा एक अवशेष फ्रान्सच्या महसुली परिभाषेंत पुष्कळ काळ टिकून होता. नॉर्मंडीच्या कित्येक अरण्यांवर राजाचा जो हक्क असे, त्यास ‘तृतीयांश आणि डेंजर’ अशा अर्थाचें नांव होतें. लांकडाच्या विक्रीचा तिसरा हिस्सा व त्याशिवाय दहावा हिस्सा राजास द्यावा लागे. आणि या दहाव्या हिश्शाचें नांवच ‘डेंजर’. १६६९ च्या फ्रेंच अरण्यविषयक आज्ञापत्रांत या हक्काचें स्वतंत्र प्रकरण आहे. चौथाई व तीवर शेंकडा दहा सरदेशमुखी हें आमचें प्रमाण वाचकांस येथें सहज आठवेल. या साम्यावरून एकाचा उगम दुसऱ्यांत शोधूं लागणें वेडेपणाचें होईल. परंतु एवढें मात्र दिसतें कीं, धन्याची सत्ता, त्या सत्तेची भीति व त्या सत्तेस द्यावयाचा कर या तीन गोष्टी युरोपांतहि एकाच शब्दांत नांदत होत्या.

बाकीच्या शब्दांचा विचार संक्षेपानें करूं. ‘थ्रेट’ या शब्दाचा जुन्या इंग्रजींतील एक अर्थ जमाव, टोळी असा होता, व त्याच्याच जोडीला दडपण, जुलूम हा अर्थ होता. याचें मूळ ‘ढकलणें, रेटणें’ या अर्थाच्या धातूंत असून लॅटिनमधील त्याच अर्थाचा ‘त्रूदेरे’ हा धातु त्याचा सगोत्र आहे. अर्थात् ‘थ्रेट’मध्यें कोणीतरी कोणास तरी रेटीत असतो. ‘मेनेस’ हा शब्द पुढें झुकलेल्या, अंगावर येणाऱ्या वस्तूच्या कल्पनेवरून निघाला आहे. डोंगरास इंग्रजींत जें नांव आहे तेंहि याच धातूचें. म्हणून ‘थ्रेट’ ही बहुधा कोणी दिलेली असते, तर मनुष्य किंवा वस्तु ही स्वतःच ‘मेनेस’ होऊन बसते. आमच्याकडे पहिल्यास ‘धमकी’ ठीक आहे. दुसऱ्यास ‘धाक’ किंवा ‘दहशत’ अधिक जवळचे. संस्कृतांतील ‘तर्जन’ या शब्दाची योजना याहून सूक्ष्म आहे. ज्या बोटानें धमकी द्यावयाची त्या बोटासच ‘तर्जनी’ हें नांव मिळालें, आणि धमकीला तिचा देणारा असतो हें शरीरावरच कोरलें गेलें.

‘पेरिल’ हा लॅटिन ‘पेरिकुलुम’ शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ प्रयोग, कसोटी असा आहे. ‘प्रयत्न करणें’ या अर्थाच्या सजातीय ग्रीक शब्दापासूनच समुद्रावरील लुटारूचें ‘पायरेट’ हें नांव निघालें. समुद्रावरील विम्याच्या इंग्रजी करारपत्रांत ज्या आपत्तींची याद असते, त्यांस ‘पेरिल’ हाच शब्द अद्याप चालू आहे. ‘हॅझर्ड’ मूळचा फांशांचा खेळ. ‘जेपर्डी’ म्हणजे फ्रेंच भाषेंत समान वांटलेला डाव, व चौसरच्या काळीं बुद्धिबळांतील कूटप्रश्न. ‘रिस्क’ हा सतराव्या शतकांत फ्रेंच व इटालियन व्यापाऱ्यांच्या भाषेंतून आलेला, हिशेबाचा शब्द. यास आमच्याकडे ‘जोखीम’ हा शब्द चांगला लागतो. कारण जोखीम म्हणजे केवळ भय नव्हे, तर जिची जबाबदारी अंगावर आहे ती मोलाची चीजहि होय. आमचा ‘विमा’ मात्र सरळ भयापासून निघाला आहे. फारसी ‘बीम’ म्हणजे भीति. खुद्द इंग्रजींतील भीतिवाचक ‘फियर’ हा शब्द जुन्या काळीं अकस्मात् ओढवलेल्या अरिष्टाचा वाचक होता. अरिष्टाचें नांव पुढें मनांतील भावनेस मिळालें. संस्कृतांतील ‘भय’ शब्द तर हे दोन्ही अर्थ एकाच वेळीं वागवितो.

येथें पाणिनीच्या एका सूत्राकडे लक्ष वेधणें अवश्य आहे. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादांतील २५ व्या सूत्रांत भयार्थक व रक्षणार्थक अशा दोन्ही धातूंचा एकत्र उल्लेख करून, भयाचा जो हेतु त्यास अपादान संज्ञा सांगितली आहे. मनुष्य चोरांपासून भितो, आणि राजा त्यास चोरांपासून राखतो. दोन्ही वाक्यांत पंचमी चोरांचीच. आतां ज्याच्यापासून भ्यावयाचें तोच जर राखणारा झाला, म्हणजे अपादान आणि कर्ता एकाच व्यक्तीच्या ठिकाणीं आले, तर काय म्हणावें? इंग्रजींत त्यास ‘ब्लॅकमेल’ म्हणतात. आमच्या मतें पुढील सर्व विवेचनाची ही कसोटी आहे.

‘ब्लॅकमेल’ हा शब्द इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवरचा. यांतील ‘मेल’चा टपालाशीं कांहीं संबंध नाहीं. तो उत्तरेकडील नॉर्स भाषेंतील ‘माल’ म्हणजे बोलणें, बोली, करार या शब्दापासून आला असून स्कॉटलंडांत त्याचा अर्थ जमिनीचा खंड, भाडें असा रूढ होता. रुप्याच्या नाण्यांत चुकविलेला खंड पांढरा, आणि धान्य, गुरें वा चाकरी यांच्या रूपानें चुकविलेला तो काळा, असा भेद जुन्या लॅटिन दस्तऐवजांत आढळतो. ‘ब्लॅक’ या पदाचा उलगडा पुष्कळ विद्वान् त्यावरून करितात. सोळाव्या शतकांत सीमेवरील दांडग्या घराण्यांस शेतकरी जो ऐवज देत, त्यास हें नांव पडलें. हा उपद्रव इतका वाढला कीं १६०१ सालीं एलिझाबेथ राणीच्या पार्लमेंटानें कंबर्लंड, नॉर्थंबर्लंड, वेस्टमोर्लंड व डरहॅम या उत्तरेकडील मुलुखांत असा ऐवज घेणें व देणें हे दोन्ही देहान्त शिक्षेस पात्र गुन्हे ठरविले. घेणाराप्रमाणें देणाराहि अपराधी, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कारण देणारा राजाच्या सत्तेबाहेर दुसरा धनी मान्य करीत होता.

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखांत हा प्रकार अठराव्या शतकापर्यंत चालला. तेथें पैसे घेणारा सरदार गुरांची राखण पत्करी, व चोरी झाल्यास गुरें परत आणून देण्याची वा भरपाई करण्याची हमी देई. तसे लेखी करारहि होत. १७३४ सालीं मरण पावलेला रॉब रॉय मॅकग्रेगर हा या धंद्यांतील प्रसिद्ध पुरुष. वॉल्टर स्कॉटनें १८१४ व १८१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कादंबऱ्यांमुळें हा सीमेवरचा शब्द सर्व इंग्रजी वाचकांच्या तोंडीं झाला. गुपित फोडण्याचें भय घालून पैसे उकळणें हा आजचा अर्थ त्यानंतरचा.

हा कालक्रम महत्त्वाचा आहे. स्कॉटच्या कादंबऱ्या घरोघर वाचल्या जात होत्या त्याच पिढींत पेशवाई बुडाली आणि मराठ्यांचा इतिहास इंग्रजींत लिहिला जाऊं लागला. एल्फिन्स्टन, माल्कम, ग्रँट डफ हे तिघेहि जन्मानें स्कॉट. चौथाईस इंग्रजी प्रतिशब्द शोधतांना त्या पिढीस व तिच्यामागून येणारांस आपल्या डोंगरांतला हा शब्द आठवला तर त्यांत नवल नाहीं. १८८६ सालीं निघालेल्या यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशानें तर चौथ शब्दाची व्याख्याच ‘ब्लॅकमेल’ या शब्दानें केली. मुलूख लुटीपासून मोकळा ठेवण्याबद्दल मराठे सुभेदारांकडून घेत ती रक्कम, असा त्या व्याख्येचा आशय आहे. कोशांत गेलेला शब्द निकालासारखा असतो. पुढें कोणी पुरावा विचारीत नाहीं.

आतां पुरावा पाहूं. चौथ हें नांव मराठ्यांनीं नव्यानें काढलेलें नव्हे. दमणच्या पोर्तुगीज मुलुखांतील गांवें रामनगरच्या राजास चौथ देत असत, हें सुरेंद्रनाथ सेन यांनीं पोर्तुगीज कागदपत्रांवरून दाखविलें आहे. १६७२ सालीं जव्हार व रामनगर हीं संस्थानें शिवाजीमहाराजांच्या हातीं आलीं; तेव्हां त्या राजाचा हक्क आपणाकडे आला, या भूमिकेवरून महाराजांनीं पोर्तुगीजांकडे चौथाई मागितली. त्याच वर्षीं सुरतेकडेहि मागणीचीं पत्रें गेलीं. इंग्रजांच्या वखारीमुळें आपणांस कळलेला त्यांतील युक्तिवाद असा, कीं तुमच्या बादशहानें आम्हांस आमच्या लोकांच्या रक्षणासाठीं फौज बाळगणें भाग पाडलें आहे, तेव्हां त्या फौजेचा खर्च त्याच्या प्रजेनें सोसावा. न दिल्यास आपण स्वतः येऊन वसूल करूं, ही पुस्तीहि तींत आहे. म्हणजे एकाच पत्रांत हक्काचें प्रतिपादन आणि तर्जन हीं दोन्ही आहेत. जो भाषांतरकार सबंध पत्रास ‘धमकीचें पत्र’ म्हणेल तो अर्धेंच पत्र वाचील. आणि जो त्यास केवळ ‘हक्काची मागणी’ म्हणेल तोहि अर्धेंच वाचील.

१७१९ सालीं बाळाजी विश्वनाथानें दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा आणिल्या, तेव्हां प्रकार पालटला. चौथाईच्या बदल्यांत पंधरा हजार फौज बादशाही कामास द्यावयाची, आणि सरदेशमुखीबद्दल मुलखांत चोरचिलटांचा बंदोबस्त राखावयाचा, असें ठरलें. येथें भयाचा हेतु चोर व बंडखोर, आणि रक्षणाचा कर्ता छत्रपति. पाणिनीच्या भाषेंत अपादान एक, कर्ता दुसरा. या उत्पन्नाची वांटणीहि बारकाईनें ठरलेली होती. चौथाईच्या शंभर भागांपैकीं २५ राजाची बाबती, ६ सहोत्रा, ३ नाडगौडा, व उरलेला ६६ भाग सरदारांचा मोकासा. ज्या येण्याची अशी शेरवार फोड दफ्तरांत वर्षानुवर्षें लिहिली जाते, त्यास स्कॉटलंडच्या गुरेंचोरांचा शब्द लावणें म्हणजे दफ्तर न उघडतां निकाल देणें होय.

परंतु न्याय करावयाचा तर दुसऱ्या बाजूचे कागदहि उघडले पाहिजेत. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगाल्यांत शिरूं लागल्या. बरद्वानच्या दरबारीं असलेल्या बाणेश्वर विद्यालंकार पंडितानें १७४४ सालीं रचिलेल्या ‘चित्रचंपू’ या संस्कृत ग्रंथांत त्या स्वारीचें वर्णन केलें आहे. गंगाराम कवीचें ‘महाराष्ट पुराण’ हें बंगाली काव्य १७५१ च्या सुमाराचें. त्यांत बारगिरांनीं केलेल्या जाळपोळीचें व अत्याचारांचें जें चित्र आहे, तें वाचतांना महाराष्ट्रीय वाचकाची मान खालीं जाते. हे ग्रंथकार इंग्रज नव्हत. त्यांस कोणत्याहि कंपनीची भाडोत्री चाकरी करावयाची नव्हती. आमचा ‘बारगीर’ हा साधा लष्करी शब्द बंगालच्या अंगाईगीतांत ‘बारगी’ होऊन मुलांस भिवविण्याच्या कामीं आला. कलकत्त्याच्या रहिवाशांनीं १७४२ सालीं शहराभोंवतीं खंदक खणावयास घेतला. तो पुरा झाला नाहीं, परंतु ‘मराठा खंदक’ हें नांव राहिलें. १७५१ च्या तहानें अलीवर्दीखानानें सालिना बारा लक्ष रुपये चौथाईबद्दल देण्याचें कबूल केलें, तेव्हां नऊ वर्षांचा उपद्रव थांबला. येथें भयाचा हेतु कोण आणि त्या भयापासून सुटका देणारा कोण? दोन्ही स्थानीं एकच नांव लिहावें लागतें. या एका व्यवहारापुरतें पाहिल्यास यूल-बर्नेल यांचा शब्द खोटा ठरत नाहीं.

तात्पर्य, चौथ ही एक वस्तु नव्हे. दमणची चौथ, १७१९ च्या सनदेची चौथ व बंगालची चौथ यांचें नांव एक असून व्यवहार तीन आहेत. कोशकारांचा दोष त्यांनीं कठोर शब्द योजिला हा नव्हे. तिसऱ्याचा शब्द त्यांनीं पहिल्या दोहोंसहि लाविला, हा होय. आमच्या कांहीं लेखकांचा दोष याच्या उलट आहे. पहिल्या दोहोंचें समर्थन ते तिसऱ्यावर पांघरूण म्हणून घालतात.

इंग्रज ग्रंथकारांनीं आपल्या घरच्या अशाच व्यवहारांस कोणते शब्द योजिले, हेंहि पाहण्याजोगें आहे. ९९१ सालीं डेन लोकांच्या स्वारीस कंटाळून इंग्लंडनें त्यांस १०,००० पौंड दिले. तत्कालीन इंग्रजी बखरींत त्यास ‘गाफोल’ म्हणजे खंडणी, कर असा साधा शब्द आहे. पुढें त्यास ‘डेनगेल्ड’ म्हणजे डेनांची पट्टी असें नांव पडलें. त्यांत काळेपणा कोठेंहि नाहीं. १८०२ च्या डिसेंबरांत वसईच्या तहानें दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांची तैनाती फौज पत्करिली व तिच्या खर्चासाठीं सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला. या देण्यास इंग्रजी शब्द ‘सब्सिडी’, ज्याचें लॅटिन मूळ राखीव फौज, कुमक असें आहे. न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालच्या आपल्या ग्रंथांत चौथाईची तुलना याच तैनाती पद्धतीशीं केली, ती यासाठींच मार्मिक आहे. बाजीरावास होळकरापासून भय होतें व रक्षण इंग्रजांनीं केलें, म्हणून आरंभीं अपादान व कर्ता निराळे होते. पुढील पंधरा वर्षांत बाजीरावास ज्या सत्तेचें सर्वांत अधिक भय वाटूं लागलें, ती तैनाती फौज पुरविणारीच सत्ता होती. तो इंग्रजांच्या ‘डेंजर’मध्यें गेला, असें म्हटल्यास तो शब्द जुन्या व नव्या दोन्ही अर्थांनीं खरा होतो.

आतां आपल्याच भाषेंतील एका शब्दाकडे वळूं. ‘खंडणी’ हा शब्द ‘खंडणें’ म्हणजे रक्कम ठरवून तोडणें यापासून झाला. जमीन खंडानें देणें हा शब्दप्रयोग खेड्यांत अद्याप चालतो. जुन्या कागदांत संस्थानिकाची खंडणी म्हणजे त्याच्याशीं ठरलेली सालिना रक्कम. तींत बदनामीचा वास नाहीं. आज वर्तमानपत्रांत ‘खंडणी’ म्हणजे व्यापाऱ्यास जिवाचें भय घालून पैसे उकळणें, असाच अर्थ उरला आहे. १८६० च्या दंडसंहितेंत या अपराधास ‘एक्स्टॉर्शन’ म्हणजे ‘पिळून काढणें’ हा शब्द होता, व १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या इंग्रजी पाठांतहि तो कायम आहे. म्हणजे स्कॉटलंडांत करार व खंड या अर्थाचा ‘मेल’ जसा गुन्ह्याचा वाचक झाला, तसाच महाराष्ट्रांत ‘खंड’ शब्दाचा भाऊ गुन्हेगारांच्या पंक्तीस जाऊन बसला. शंभर वर्षांनंतर एखादा वाचक पेशवे दफ्तरांतील ‘खंडणी’ शब्द आजच्या अर्थानें वाचील, आणि तेव्हां आमच्या पूर्वजांवर आरोप करण्यास परक्या कोशाचीहि जरूर राहणार नाहीं. हा अनर्थ टाळणें संपादकांच्या हातीं आहे.

यास्तव हस्तलिखितांचे संग्राहक व संपादक यांस आमची तीन गोष्टींची विनंती आहे. चौथ, खंडणी, घासदाणा, सरदेशमुखी, बाबती हे शब्द इंग्रजींत नेतांना मूळ रूपांतच ठेवावे आणि प्रत्येक ठिकाणीं त्या व्यवहाराच्या अटी द्याव्या. इंग्रजी कागद मराठींत आणतांना धमकी देणारा कोण, ती कोणास व कोणत्या अटीवर, हें वाक्यांत स्पष्ट राहील असा शब्द निवडावा. ‘थ्रेट’ आणि ‘डेंजर’ यांची गल्लत करूं नये. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चौथाईच्या हिशेबाचे कागद लोक जपून ठेवितात, परंतु गांवोगांवच्या पाटील-कुळकर्ण्यांच्या रुमालांत जे कौलनामे व अभयपत्रें असतात, त्यांची किंमत कमी समजली जाते. हे कागद क्षुल्लक दिसतात. चार ओळी, एक शिक्का, व फौजेचा उपसर्ग लागणार नाहीं, वस्ती करून सुखरूप राहावें, अशा आशयाचा दिलासा. परंतु पैसे घेणाऱ्यानें राखण केली कीं नाहीं, याचा पुरावा याच कागदांत आहे. ज्या गांवानें चौथाई भरली, त्यास अभयपत्र मिळालें काय? मिळाल्यावर तें पाळलें गेलें काय? न पाळल्यास गांवानें तक्रार कोणाकडे केली व तिचा निकाल काय झाला? हे तीन प्रश्न गांववार सुटल्याखेरीज चौथाई कर होता कीं ‘ब्लॅकमेल’, हा वाद शब्दांचाच राहणार.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत, बलि घेऊन प्रजेचें रक्षण न करणाऱ्या राजास नरकाची गति सांगितली आहे. कर आणि लूट यांमधील भेद आमच्या धर्मशास्त्रकारांनीं घेणाऱ्याच्या पदवीवरून किंवा घेण्याच्या नांवावरून केला नाहीं; घेतल्यानंतर त्यानें काय केलें, यावरून केला. तीच कसोटी आम्ही मराठ्यांस लावावी, इंग्रजांसहि लावावी, आणि तिचें उत्तर कोशांत न शोधतां रुमालांत शोधावें.